पाच वाजून दहा मिनिटांचा पडदा

हे खरं आहे. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, मोजल्याशिवाय काही लिहायची मला सवय नाही. दिवस गुरुवार. वेळ संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं.

ठिकाण सांगणार नाही. का, ते कळेलच.

माझी थोरली बहीण कपडे शिवायची. नवऱ्याचा मार चुकवून ती माझ्याकडे पळून आली आणि आम्ही दोघींनी दुसरीकडे खोली घेतली. शहर कोणतं, हे त्याने हुडकलं होतं. पत्ता नाही.

पहिल्याच दिवशी ताईने खिडकीला जाड पडदा शिवला. पितळी कड्या लावून.

त्याच खिडकीत मी घेवड्याचं बी पेरलं. रोज कामावरून आले की पाच दहाला फोटो. तोच कोन, शेजारी पट्टी. वेल किती मिलिमीटर वाढला, ते लिहून सोशल मीडियावर टाकायचे.

"मास्तरीणबाई, पडदा!" ताई शिलाई मशीनवरूनच ओरडायची. मी सारखी सगळ्यांच्या चुका काढते म्हणून हे नाव.

"पाच मिनिटं गं. वेलाला ऊन नको का?"

"वेलाला ऊन, आणि माझ्या जिवाला घोर."

"फोटोत आहे काय? वेल, पट्टी आणि समोरची पाण्याची टाकी. लोकेशन बंद ठेवते मी."

"तू शहाणी आहेस गं. पण तोही काही खुळा नाही."

मी हसले होते.

एकोणिसाव्या दिवशी एका अनोळखी खात्यावरून कमेंट आली. 'छान वेल. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं ऊन मिळतंच, तळमजल्यावरसुद्धा.'

चुकीची माहिती मला बघवत नाही.

मी उत्तर दिलं. 'सकाळचं नाही, संध्याकाळचं. खिडकी पश्चिमेला आहे. आणि मजला तिसरा.'

त्याने अंगठा दाखवला. बस्स.

पुढच्या गुरुवारी मला प्रयोगशाळेत उशीर झाला. घरी आले तेव्हा ताई जिन्याच्या तळाशी पडली होती... एका पायात चप्पल, गळ्यात मोजमापाची टेप. पोलीस म्हणाले, पाय घसरला. तिच्या हातातलं घड्याळ फुटून पाच दहाला थांबलं होतं.

घरमालकीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक जण विचारत होता गं. खिडकीत वेल आहे ती खोली कुठली म्हणून. मला वाटलं, तुमच्यातलाच कोणी."

तो माणूस अजून सापडलेला नाही.

मी खातं बंद केलं. खोली बदलली. सोबत फक्त वेल, पडदा आणि ताईचा टाचण्यांचा डबा आणला.

नव्या खोलीतली पहिलीच संध्याकाळ. पडदा उघडा होता. मी चहा गाळत होते.

किण्... किण्... किण्...

कड्या दांडीवरून सरकल्या. पडदा पूर्ण बंद.

घड्याळात पाच दहा.

वारा असेल? खिडकी बंद होती. दांडी तिरकी असेल? पाणसळ लावून पाहिली, सरळ होती. दुसऱ्या दिवशी मी पडदा चार चिमट्यांनी भिंतीला अडकवून ठेवला.

पाच दहाला पडदा बंद.

चिमटे सापडले ते टाचण्यांच्या डब्यात. एका रांगेत... ताई ठेवायची तसे.

मग मी मोबाइल टेकवून व्हिडिओ घेतला. अकरा मिनिटं नुसता उघडा पडदा. पाच दहाला चित्र काळं झालं. आवाज मात्र चालू... किण्, किण्.

पूर्ण काळं नव्हतं. कडेला तांबूस होतं.

तसा रंग कधी येतो, मला माहीत आहे. लेन्सवर कोणी बोट ठेवलं की.

खोलीत मी एकटी होते.

मी घाबरले नाही. रडले. जी मला रोज 'पडदा लाव' म्हणून विनवायची, ती आता स्वतःच लावत होती. माझ्यासाठी. मी तिच्यासाठी पाच मिनिटंही लावला नव्हता.

हे सगळं इथेच थांबलं असतं, तर मी लिहिलं नसतं.

काल मला एक मेसेज आला. माझं हे खातं नवं आहे. त्यावर माझं नाव नाही, फोटो नाही. वेलाचा तर या खोलीत एकही फोटो मी काढलेला नाही.

'वेल सुकला असेल ना आता?'

सुकलेला नाही. त्याला सात शेंगा लागल्यात. 'नाही, सात...' इथपर्यंत माझी बोटं टाइप करून बसली होती.

किण्... किण्... किण्...

मी घड्याळ पाहिलं.

दुपारचे तीनच वाजले होते.