दोनशे बारा ठिपके

त्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. नऊ दिवस ते काउंटरच्या खणात, लेन्स पुसायच्या फडक्याखाली पडून होतं. खण उघडला की त्याला स्वतःचाच राग यायचा.

सुरुवात झाली दोन महिन्यांपूर्वी. मावशीच्या फोटो स्टुडिओत तो फोटो दुरुस्त करायला बसायचा. एका दुपारी दार ढकलून एक मुलगी आत आली. केसांतून पाणी ठिबकत होतं, तेही थेट त्याच्या उघड्या पुस्तकावर. तिने पारदर्शक प्लास्टिकच्या कवचातला छोटासा कॅमेरा पुढे ठेवला.

"पाण्याखालचे फोटो आहेत. जरा सुधारून द्या."

चौऱ्याऐंशी फोटो. सगळे हिरवे.

"हा मासा आहे की पालेभाजी?"

"मासा! तळ्यातल्या माशांची नोंद ठेवते मी. दिसत नाही तुम्हाला?"

"खुद्द माशाला दाखवला तरी तो ओळखणार नाही," तो कातावून म्हणाला आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. अनोळखी मुलीशी तो एवढं कधी बोललाच नव्हता. आता थांबताही येईना. "पाण्यात लाल रंग आधी जातो. म्हणून अगदी हातभर अंतरावर जायचं. फ्लॅश बंद, नाहीतर गाळाचे कण चमकतात. आणि आधी पांढरी वस्तू समोर धरून कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते दाखवायचं."

"तुम्ही कितीदा उतरलात पाण्यात?"

"मी...? वाचलंय."

ती खुदकन हसली. त्याच्या कपाखालची पांढरी बशी उचलून तिने पिशवीत टाकली. "ही चालेल ना?"

मग दर शनिवारी ती, ते ओले केस आणि तीच हुज्जत.

"जवळ जा म्हटलं होतं!"

"मासा थांबतो होय तुमच्यासाठी?"

फोटो मात्र सुधारत गेले. मावशीने तिचं नाव पाणबुडी ठेवलं. "शनिवारी बरा इस्त्रीचा शर्ट सापडतो रे तुला," असंही ती म्हणायची.

आणि एका शनिवारी फोटोभर पांढरे ठिपके! फ्लॅश! इतकं घसा फोडून सांगूनही! तो मनातल्या मनात चरफडला. आठवडाभर बसून त्याने एकेक ठिपका पुसला. दोनशे बारा. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, ते त्याने असं सांगितलं.

तिने तो फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "छान झालाय," म्हणाली आणि गेली.

सोमवारी पत्र आलं.

'अहो कोरडे विद्वान, फ्लॅश बंदच होता. ते ठिपके म्हणजे नुकती अंड्यांतून निघालेली पिल्लं. त्यांच्यासाठी मी तीन आठवडे रोज सकाळी गळाभर पाण्यात उभी होते. तुम्ही ती इतक्या सुबकपणे पुसलीत, की रडावं की हसावं कळेना. तोंडावर सांगितलं असतं तर फ्लॅशवर व्याख्यान ऐकावं लागलं असतं, म्हणून पत्र. महिनाअखेरच्या शनिवारी सकाळी तळ्यावर या. एकदा तरी पाण्यात डोकं घाला, माझ्याबरोबर. येणार असाल तर आधी लिहून कळवा. नाहीतर मी समजेन, तुम्हाला नुसते फोटोच सुधारायचे होते.'

मधल्या शनिवारी ती आली नाही.

त्याने सात उत्तरं लिहिली. प्रत्येकात खाडाखोड. आधी 'प्रिय' गेलं, मग 'तुमची आठवण', मग 'चुकलं माझं'. शेवटी नुसतं 'कळावे' उरलं. तेही फाडलं.

"बुधवार उजाडला," मावशी म्हणाली. "तू कळवतोस की मी कळवू? माझा हात सैल आहे बरं, फार लिहीन."

त्याने मूळ फोटो उघडला. मोठा केला. आणखी मोठा. प्रत्येक ठिपक्याला दोन काळे कण होते... डोळे! आठवडाभर नाक खुपसून बसला होता आणि एकही दिसला नव्हता.

त्याने मूळ फोटो जसाच्या तसा छापला. मागे लिहिलं—

'सगळी पिल्लं परत पाठवतोय. मला पोहता येत नाही. शनिवारी येतो. फोटो सुधारायचे नव्हतेच... तुम्ही दर शनिवारी यावं, एवढंच हवं होतं. बशी आणा.'

शाईचा एक डाग पडला. तो तसाच राहू दिला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सोडलं आणि तेवढ्यात त्याला वाटलं, शेवटून दुसरं वाक्य जरा जास्तच झालं का? त्याने हात आत घातला. फटीतून तो मनगटापर्यंतच गेला. पाकीट खाली पडल्याचा आवाज केव्हाच आला होता.