दोन-दोन दिसताय

पोरगी बघायला आलेल्या पोरानं भर बैठकीत खिशातनं बॅटरी काढून तिच्या डोळ्यांत मारावी? डॉक्टर झाला म्हणून काय झालं! असली वागणूक मी जन्मात पाहिली नव्हती.

सणसरला आमच्या घरी पोहे झाले, चहा झाला. माझी लेक संजीवनी पाटावर बसली. नजर खाली, आवाज जड, शब्द तोंडातल्या तोंडात. बारामतीचे पाव्हणे खूश. "पोरगी लाजाळू हाय," म्हणाले. मी मान आणखी ताठ केली.

नवरा मुलगा सुयोग हळूच म्हणाला, "एकदा वर तरी बघा... आवडलो का न्हाय, कसं कळायचं?"

तिनं हनुवटी उचलली, तेव्हा कुठं पापण्यांखालनं तिला दिसलं. "आवडला... पर दोन-दोन दिसताय."

सगळे हसले. तोही हसला — आणि मधेच थांबला. तेव्हा ती बॅटरी निघाली.

"पापण्या उचला."

"उचलत न्हाईत वो..."

"ए डॉक्टर," मी कडाडले, "लगीन ठरलं न्हाय अजून!"

"मावशी, ही लाज न्हाय. ताप न्हाय, शुद्ध चांगली हाय, पर पापण्या, जीभ लुळी पडत चाललीय. बरणीतलं काय खाल्लं हिनं?"

परवा ती कळंबला माझ्या जावेकडं, सारजाकडं जेवली होती. दिराला बीपी, म्हणून सारजानं मीठ-लिंबू न घालता लसूण तेलात बुडवून, झाकण घट्ट लावून ठेवलेला. तो ह्या दोघींनीच चाखला होता. फोन लावला, तर सारजाही अंथरुणात. तिलाही सगळं दोन-दोन. घरचे म्हणे, चष्मा लागला असेल.

"बोटुलिझम," सुयोग म्हणाला. "बरणीत विष धरलंय. छातीत उतरलं तर श्वास थांबंल. जीप काढा, दोघींना पुण्याला न्यायचं."

सारजा लवकर सावरली. संजीवनी श्वासाच्या मशीनवर. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून माझी कंबर गेली, नवस बोलायचाही कंटाळा आला. पाव्हण्यांनी दुसरी पोरगी बघितली म्हणे. सुयोग मात्र बारामतीचा आपला दवाखाना उरकून एसटीनं यायचा, तिचा हात धरायचा. तिनं एकदा दाबला तर हो, दोनदा तर नाही.

"शर्ट बरा हाय का?"

दोनदा.

"उद्या येऊ?"

एकदा... आणि मग हात सोडायचीच नाही.

नळी निघाली, पापण्या वर आल्या, त्या दिवशी त्यानं विचारलं, "किती दिसतोय?"

"एकच," घोगऱ्या आवाजात ती म्हणाली. "तेवढा पुरे हाय."

डॉक्टरची नजर गपकन खाली गेली. कानसुद्धा लाल.

"वर बघ रं," मी म्हटलं. "ही खरी लाज, मला कळती. वागणूक तुझी वंगाळच हाय... पर पोरगी तुलाच दिली."