दुसऱ्याचं उत्तर

नॉर्वेच्या उत्तरेला एका बंदरात मी मच्छीमारांच्या जाकिटातल्या यंत्रांचा सर्व्हर सांभाळतो. समुद्रावर गेलेलं यंत्र अधूनमधून आपला ठावठिकाणा कळवतं. निरोप यूडीपी नावाच्या पद्धतीने येतात. ते म्हणजे किनाऱ्यावरून हाक मारल्यासारखं. पोचली की नाही कळत नाही, आणि जाणारा सांगून जात नाही. म्हणून एखादं यंत्र गप्प झालं की सर्व्हर विचारतो, 'आहेस का?' उत्तर नाही आलं, तर बचाव नौका निघते.

मार्चमधल्या एका दुपारी गुन्वोरचा फोन आला. नवरा ओडवार एकटाच कॉड मासे धरायला गेला होता, अजून परतला नव्हता. मी पडद्यावर पाहून सांगितलं, काळजी करू नकोस, यंत्र बोलतंय. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ते आपणहून काहीच पाठवत नव्हतं. विचारलं तरच बोलत होतं.

माझी वरिष्ठ राग्निल म्हणाली, "नौका पाठव. कारण मग शोधू."

होडी उलटलेली सापडली. ओडवार एका खडकाला धरून होता, जिवंत. यंत्रात मात्र पाणी भरलेलं, बॅटरी केव्हाच निसटून गेलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओडवारला भेटायला इस्पितळात गेलो. बॅटरीचं सांगितलं, तर त्याला नवल वाटलं नाही.

"मला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "कुणीतरी सारखं विचारत होतं, आहेस का... मी म्हणायचो, आहे."

मग त्याने आमच्यामागे दाराकडे पाहिलं.

"पण दुसऱ्याला का नाही आणलंत?"

"कुठला दुसरा?" मी विचारलं.

"मी आहे म्हटलं की माझ्यामागून तोही म्हणायचा. खडकाच्या खालून..."

आम्ही ऑफिसात परतलो. यूडीपीत एकच निरोप कधीकधी दोनदा येतो, म्हणून दुसरा आमचा प्रोग्रॅम न वाचताच टाकून देतो. राग्निलने ते टाकणं बंद केलं. ओडवारचं यंत्र माझ्या टेबलावर बॅटरीशिवाय उघडं पडलं होतं. तिने त्याच्याच नंबरावर प्रश्न पाठवला.

'आहे.'

आम्ही पडद्याकडे बघत बसलो. मग तिकडूनच निरोप आला.

'आहेस का?'

"उत्तर देऊ नकोस," राग्निल हळूच म्हणाली.

पुन्हा आला. पुन्हा आला. मग थांबला. उत्तर नाही आलं की आपण नौका पाठवतो, ते मला आठवलं.

बाहेर चांगलं ऊन होतं. राग्निल उठली आणि धक्क्याकडचं दार तिने आतून लावून घेतलं.