रुईवाला महालाचा श्वास

बोरगव्हाणात उन्हाळ्याचा बाजार आता पहाटेच भरत असे. कडक ऊन चढायच्या आत गाव दारं लावून घेई आणि घरोघरी वातानुकूलन यंत्रं घुमू लागत. रुईवाला महालात मात्र तसलं एकही यंत्र नव्हतं.

"सरकारनं आमच्या महालाला वास्तुवारशाचा दर्जा दिला. कोरीव सज्जे, रंगीत तावदानं, सगळ्यांची वाहवा झाली," महालाचे मालक नरेंद्रभाऊ रुईवाला घाम पुसत म्हणाले. "पण भिंतीला भोक पाडायची सोय राहिली नाही. आता तुम्ही तरी काय शोधताय, वैदेहीताई?"

वैदेही ठोसर दिवाणखान्याच्या भिंतीला टेकवलेल्या चपट्या पेटीवरची धूळ झटकत होती. पेटीचं नाव कणदर्शक. जुन्या इमारतींची तब्येत तपासणं हे तिचं काम.

"आकाशातून म्युऑन नावाचे कण सतत पडत असतात भाऊ. आत्ताही तुमच्या-माझ्यातून आरपार जाताहेत. दगडात त्यातले काही अडकतात, पोकळीतून जास्त निसटतात. ते मोजले की भिंत न फोडता आतलं दिसतं."

"आणि काय दिसलं?"

तिनं पेटीला जोडलेला, बॅटरीवर चालणारा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावरचं चित्र पहिल्यांदा तिलाही यंत्राचाच दोष वाटलं होतं. दीड हात जाडीच्या भिंतींमधून उभ्या पोकळ्या थेट गच्चीवरच्या दगडी मनोऱ्यांपर्यंत गेल्या होत्या. पेटी विहिरीत उतरवून घेतलेल्या मोजणीत त्या खाली एका भुयाराला मिळताना दिसत होत्या आणि भुयार परसातल्या विहिरीपाशी उघडत होतं.

"हे मनोरे शोभेचे नाहीत," ती म्हणाली. "उन्हानं ते तापले की आतली गरम हवा वर निघून जाणार. तिच्या जागी विहिरीवरून, भुयारातून थंड हवा खोल्यांत ओढली जाणार. महाल श्वास घ्यायचा, भाऊ! पुढे विजेचे पंखे आले आणि कुणीतरी या पोकळ्यांची तोंडं विटांनी बुजवली."

नरेंद्रभाऊंनी भिंतीवर तळहात ठेवला. याच खोलीत त्यांचं सारं आयुष्य उकाड्यात गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी साऱ्या जिल्ह्याची वीज गेली. समोरच्या प्रसूतिगृहाचं जनित्रही थोड्या वेळानं बंद पडलं. तिथल्या परिचारिका शबाना सिस्टर धावतच महालात आल्या. "ताई, वॉर्डाची भट्टी झालीय. बाळं रडायचीही थांबलीत. ॲम्ब्युलन्सला यायला संध्याकाळ होईल म्हणतात. तुमच्या भिंतींतल्या गार हवेचं ऐकलंय, इथे काही होईल का?"

वैदेहीनं वारसा समितीचे प्रमुख पुंडकर साहेबांना फोन लावला.

"भिंत फोडायची?" ते दचकले. "सोमवारी बैठक आहे, तिथे ठेवू."

"सर, बाळं सोमवारपर्यंत तग धरणार नाहीत. आणि मी फक्त नंतर भरलेल्या विटा काढणार आहे. मूळ चुन्याची घनता वेगळी आहे, दोन्हींमधली सीमा स्पष्ट दिसते."

"तुमचा अंदाज चुकला तर वरचा सज्जा खाली येईल."

"हो. म्हणून पहिला घाव मीच घालणार. खाली दुसरं कुणी नसेल."

मग पुंडकर म्हणाले, "घाला. समितीला मी उत्तर देईन."

तिनं सगळ्यांना अंगणात पाठवलं आणि छिन्नी लावली. वरून माती झरली तेव्हा तिचा हात थबकला. डोक्यावर टनावारी दगड होता. तिनं पडद्यावरची जुन्या-नव्या भिंतीमधली रेघ पुन्हा पाहिली आणि घाव घातला. वीट आत कोसळली. सज्जा तसाच उभा राहिला. मग गच्चीवर, भुयाराच्या तोंडाशी, खोलीखोलीत माणसं विटा काढायला भिडली.

शेवटचं तोंड मोकळं झालं, तरी काहीच घडलं नाही. वैदेहीनं भिंतीतल्या झरोक्यापाशी तळहात धरला. तेवढ्यात नरेंद्रभाऊंच्या धोतराचा सोगा हलला. मग खिडक्यांचे पडदे फुगले. ओल्या मातीचा गार वास दिवाणखानाभर पसरला.

"अहो, बाहेर तर ऊन रणरणतंय!" नरेंद्रभाऊ ओरडले.

"म्हणूनच तर!" वैदेही हसली. "ऊन जितकं जास्त, तितकी हवा जोरात ओढली जाणार."

बाळंतिणींच्या खाटा आल्या. ओल्या फडक्यांत गुंडाळलेली बाळं वाऱ्याच्या तोंडाशी ठेवली. शबाना सिस्टर एकेकाच्या छातीवर हात ठेवत गेल्या. अखेर एका बाळानं हातपाय झाडून असा काही टाहो फोडला की अंगणातले लोक टाळ्या वाजवू लागले. पाठोपाठ दुसरं रडलं, मग तिसरं. इतकं गोड रडणं त्या महालानं कधी ऐकलं नसेल. संध्याकाळी वीज आली तेव्हा सगळी बाळं दूध पीत होती आणि महालातून उठायला कुणीच तयार नव्हतं.

वैदेही चुन्यानं माखलेले हात धूत होती. एक तरुण बाळंतीण पदराखाली बाळाला घेऊन हवेच्या झरोक्यापाशी बसली होती. तिनं वाकून आत पाहिलं, झुळूक चेहऱ्यावर घेतली आणि विचारलं,

"ताई, आमचं घरकुल मंजूर झालंय. अजून पाया खणायचाय. त्याच्या भिंतींतही असं करता येईल का हो?"