दोन टॉवेल

"पळ गुरु, बस निघाली!" झीनत ओरडली. गुरुनं पांढरा सोलापुरी टॉवेल बसच्या मागच्या नळीसमोर धरला. टॉवेल ओला झाला, पण डाग एकही नाही!

"बघ की! हायड्रोजनची बस नुसतं पाणी सोडते," झीनत ऐटीत म्हणाली. बस तिचे अब्बा, फकीरभाई, चालवायचे. सहा महिने घरी बसल्यावर मिळालेलं काम होतं ते.

"मग तुमच्या गच्चीवरचा हा कसा काळा झाला?" त्यांची मैत्रीण अंकितानं दुसरा टॉवेल पुढं केला.

झीनतचं घर बसमध्ये हायड्रोजन भरायच्या केंद्राला लागूनच होतं. केंद्र सुरू झाल्यापासून अम्मीचा दमा वाढला होता. घागर भरतानाही ती दोनदा खाली बसायची.

तिघांनी कुंपणाच्या फटीला डोळे लावले. पत्र्याआड डिझेलचा जनरेटर धडधडत होता! पाण्यातून हायड्रोजन काढायला लागणारी वीज त्याच्यावरच तयार होत होती.

गुरुनं विज्ञानाच्या बाईंना विचारून गणित मांडलं. "डिझेलमधल्या ऊर्जेच्या शंभर भागांतले दहाच चाकापर्यंत पोचतात. थेट डिझेलची बस असती तर तीस पोचले असते. लई शहाणी माणसं!"

"सांगायचं?" अंकितानं हळूच विचारलं.

सांगितलं तर बस थांबणार होती. झीनतला अब्बांचा खाकी शर्ट आठवला. मग अम्मीचा खोकला ऐकू आला.

सोमवारी तपासणीला इंजिनिअर मॅडम आल्या. व्यवस्थापक महेश्वरसाहेबांनी जनरेटर बंद करून त्यावर ताडपत्री टाकली होती. झीनतनं दोन्ही टॉवेल मॅडमच्या हातात दिले.

"पोरांचे खेळ हो!" महेश्वरसाहेब हसले. "सोलापुरात धूळ काय कमी आहे?"

"मग ताडपत्रीखाली हात घालून बघा की," गुरु म्हणाला. "अजून गरम असंल!"

मॅडमनी हात घातला आणि झटकन मागं घेतला.

"विजेची जोडणी मिळाली नव्हती," महेश्वरसाहेब पुटपुटले. "उद्घाटनाची तारीख मात्र ठरली होती..."

"शाबास, पोरांनो!" मॅडमनी तिघांची पाठ थोपटली. "जोडणी मिळेपर्यंत केंद्र बंद."

"कधी मिळंल?" बसजवळून पुढं येत फकीरभाईंनी विचारलं.

"ते वीज कंपनीच्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या. फकीरभाईंनी बसची किल्ली महेश्वरसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"अब्बा, माझ्यामुळं..." झीनत म्हणाली.

"न्हाई बेटा. खरं बोललीस तू." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आठ दिवसांनी अम्मीनं मध्ये कुठंही न बसता अख्खी घागर भरली. अब्बा दारातून बघत राहिले. मग किल्लीचा रिकामा खिसा चाचपत, काम शोधायला बाहेर पडले.