ब्रेकचे नवे पॅड

सायकलीचं दुकान आवरताना मावशीला फळीवरचं पाकीट दिसलं आणि तिचं डोकं फिरलं. ब्रेकच्या नव्या पॅडचं पाकीट. सकाळी लेकीच्या सायकलीसाठी तिनेच काढून ठेवलं होतं. जुने पॅड झिजून पार पत्र्याला लागले होते. "हे बसवल्याशिवाय डोंगरावर गेलीस तर तंगडं मोडीन," असं बजावूनही कार्टी तशीच गेली होती.

मावशीने पाकीट मुठीत धरलं, पाना कमरेला खोचला आणि निघाली. डोंगर दुकानाच्या मागेच. वाट अरुंद, चालणारे त्याच वाटेने चढतात, सायकलवाले त्याच वाटेने सुटतात. म्हणून तिथे एक रीत पडली होती. कातळाखालच्या आंधळ्या वळणावर उतरणाऱ्याने ओरडून सांगायचं, आपल्या मागे किती सायकली आहेत. शेवटचा ओरडतो, "मागे कोणी नाही!" मग चालणाऱ्याने बिनघोर वाटेवर यायचं.

फाटकापाशी राखणदार कानटोपी ओढून बसला होता. वर धुकं उतरत होतं.

"मावशी, आता नका जाऊ. अशा धुक्यात बिनब्रेक्या उतरतो."

"कोण?"

"नाव कुणाला ठाऊक! ब्रेक निकामी होऊन दरीत गेला, तेव्हापासून नुसता उतरतोच आहे. थांबता येत नाही बिचाऱ्याला. थांबता येत नाही म्हणून तर आपलं बरं चाललंय."

"बिचारा म्हणे! धुक्यात सायकल सोडतो तो गाढव. जिवंत असो नाहीतर मेलेला," मावशी म्हणाली आणि चढायला लागली.

वळणावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. कातळाला पाठ लावून ती उभी राहिली. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. ओल्या मातीचा वास येत होता. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

"मागे दोन!" वरून आरोळी आली. दातांचा डॉक्टर ब्रेक करकचत आला. "मावशी, तुम्ही? सायकल शिकताय की काय?"

"तुझ्या तोंडाला ब्रेक बसवायला आलेय. माझी पोरगी कुठंय?"

"सगळ्यात शेवटी. सावकाश येतेय."

मग शाळेतले सर आले. "मागे एक!" म्हणाले आणि धुक्यात बुडाले.

म्हणजे आता फक्त तिची लेक. मावशीने पाकीट उघडं करून हातात धरलं. दिसली की तिथेच सायकल उलटी करायची, पॅड बसवायचे आणि मग दोन शब्द सुनवायचे.

चाकांचा आवाज आला. नुसता चाकांचा... ब्रेकचा नाही. जवळ, अजून जवळ. जळक्या रबराचा भपका आला. पॅड गेले! पोरीचे पॅड गेले!

"थांब! अगं थांब!" ती हात पसरून वाटेत घुसली.

काहीतरी काळं अंगाला घासून गेलं. थंड, मातीने लडबडलेली बोटं तिच्या तळव्यावरून फिरली आणि पाकीट हिसकावलं गेलं. खालच्या धुक्यातून आवाज आला, अगदी हळू, जणू कानाशीच...

"मागे एक..."

मागे एक आहे, तर मग हा कोण होता? पण लेक वर होती. मावशी दातओठ खात, दगडांना धरत चढली.

लेक वाटेच्या कडेला बसलेली, घोटा सुजलेला, चेहरा पांढराफटक.

"आई... माझ्या शेजारून कुणीतरी गेलं. मी घाबरून उडी टाकली. जाताना म्हणालं..."

"काय म्हणालं?"

"म्हणालं, थांबता आलं असतं तर तुला घेऊन गेलो असतो."

मावशीने आपला रिकामा हात पाहिला. तळव्यावर मातीची चार बोटं उमटली होती. तिने हात पदराला पुसला आणि लेकीला पाठीवर घेतलं. सायकल तिथेच टाकली. राखणदाराने फाटकाशी विचारलं, "मागे कोणी?" तर ती न थांबता दुकानाकडे निघाली.

दुकानात शिरून तिने शटर ओढलं. ती लेकीच्या पायाला पट्टी बांधत होती, तेवढ्यात बाहेर ब्रेक लागला. चिर्रर्र... आवाज शटरापाशी येऊन थांबला.

नवे पॅड सुरुवातीला असेच ओरडतात. हे मावशीइतकं कुणाला ठाऊक! वापरात आले की हळूहळू गप्प होतात.

मावशीने पाना उचलला, "ये आत, तुझं टाळकंच फोडते!" म्हणून शटर वर केलं. बाहेर धुकं होतं. उंबऱ्यापाशी चाकाचा ओला माग होता, दाराकडे येणारा. परत जाणारा नव्हता.

तेव्हापासून धुकं उतरलं की तो ब्रेक दुकानाशी लागतो. मावशी पाना मांडीवर घेऊन ऐकत बसते. लेकीला एकटीला बाहेर सोडत नाही. दर खेपेला आवाज थोडा बारीक येतो. मागच्या खेपेला तर कान देऊन ऐकावा लागला.

आज धुकं दाट आहे. मावशी केव्हाची कान लावून बसली आहे. बाहेर काहीच वाजलेलं नाही.

"आई," आतल्या खोलीतून लेक कुजबुजली, "हा जळक्या रबराचा वास कुठून येतोय गं?"