तिनं बसायला सांगितलं होतं

भुतं फक्त रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचूच नये.

मला दिसलं ते भर दुपारी सव्वाबाराला. शुक्रवार, १९ एप्रिल २०२४. नवापूरच्या अलीकडची वाळू. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट लोक हसतील. हसू देत.

मी हेमांगी. केळव्याची, वाडीवाल्या घरातली. धाकटा भाऊ धीरज आणि मी अलिबागहून दमणला सायकलनं निघालो होतो. किनाऱ्याकिनाऱ्यानं, रोज संध्याकाळी तंबू ठोकत. तो आमचा सहावा दिवस.

सातपाटीला होडीत सायकली टाकल्या आणि मुरब्याला उतरलो. ओहोटी होती. ओली वाळू ओट्यासारखी टणक. मीच म्हटलं, रस्ता नको, वाळूवरून जाऊ.

"तायडे, भरती आली तर?"

"येईपर्यंत तारापूर गाठू. रडतोस काय!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दुसरं काय!

भरती आली. आम्ही वरच्या भुसभुशीत वाळूतून सायकली ढकलू लागलो. माझ्या सायकलवर तंबू, भांडी आणि पाच लिटर पाण्याचा कॅन. चाक दर दोन पावलांनी रुतायचं.

"तायडे, ही सायकल आहे की टेम्पो?" धीरज हसला.

मी वैतागले. कॅन उघडला आणि सगळं पाणी वाळूत ओतून टाकलं. गाव अर्ध्या तासावर तर आहे, कशाला वाहायचं?

हे मी आजवर आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

पाऊण तास झाला तरी गाव येईना. आणि धीरज बोलायचा थांबला. झोपेतही बडबडणारा पोरगा तो!

मी वळून पाहिलं... तो पालथा पडला होता.

अंगाला हात लावला. नुसता तवा. घामाचा एक थेंब नाही. बाटलीत दोन घोट उरले होते, ते तोंडात घातले तर ओठांवरून ओघळून गेले. मोबाईल उन्हानं तापून बंद पडलेला.

मी बोंबलले, रडले, देवाला शिव्या घातल्या. एकीकडे समुद्र, दुसरीकडे सुरूची झाडं. माणूस नाही.

त्याच्या काखेत हात घालून मी त्याला झाडांकडे ओढत नेलं.

आणि तिथे...

बांबू रोवलेले होते. त्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. रांगाच्या रांगा.

मासे आहेत म्हणजे माणूस असणारच! मला हायसं वाटलं.

मग लक्षात आलं...

वास नव्हता.

इतके बोंबील वाळताहेत आणि वास नाही? आमच्या वाडीत वारा फिरला की मैलावरून नाकात शिरतो.

आणि कावळा... एकही नव्हता.

"कोनाची गं तू?"

रांगांमध्ये एक म्हातारी उकिडवी बसली होती. पदर डोक्यावर ओढलेला. मी धावत जाऊन तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं ते मागे घेतले.

"आजी, पाणी द्या हो. भाऊ मरेल माझा!"

"पानी हाय. आनते मी. तवर माझ्या म्हावऱ्याजवळ तू बस. मी येईपरेन उठायचं नाय."

"बरं, बरं."

"बसते म्हन."

"बसते, आजी! पण लवकर जा!"

ती उठली आणि रांगांमागे गेली. वाळूवर पावलांचा आवाज... नाही आला.

मी धीरजचं डोकं मांडीवर घेऊन बसले. किती वेळ, देव जाणे. लाटा समोर फुटत होत्या. पण त्यांचाही आवाज येईनासा झाला.

मग माझा हात कशाला तरी लागला.

गार होतं ते... पाण्यानं काठोकाठ भरलेलं जर्मनचं पातेलं. कोणी आणून ठेवलं, कधी ठेवलं, मी पाहिलं नाही. विचारायला वेळ कोणाला होता! मी त्याच्या डोक्यावर ओतलं, छातीवर ओतलं, ओठ भिजवले. त्यानं घोट घेतला आणि डोळे किलकिले केले.

तेवढ्यात झाडांपलीकडून रिक्षाचा आवाज आला.

म्हातारी अजून आली नव्हती. पण भाऊ मरत असताना बोंबील कोण राखत बसणार? मी त्याला तिथेच ठेवून उठले आणि पळाले.

मागून, अगदी कानाशी...

"बस म्हनलं ना!"

मी वळले नाही.

रिक्षात चंद्रकांता नावाची मासेवाली होती. ती आणि रिक्षावाला माझ्यासोबत धावत आले.

बांबू नव्हते. बोंबील नव्हते. पातेलंही नव्हतं. उघड्या वाळूवर धीरज पडला होता. कपडे मात्र चिंब भिजलेले.

त्याला बोईसरच्या दवाखान्यात नेताना मी सगळं भडाभडा सांगितलं. चंद्रकांतानं कपाळाला हात लावला.

"तिथली वाळत घालायची जागा दर्यानं कधीच गिळली, बाय. तू काय म्हनालीस तिला? बसते म्हनालीस?"

"हो."

"आमच्यात एक बाय पान्याला गेली का दुसरी तिच्या म्हावऱ्याजवळ बसते. एकदा बसते म्हनलं का ती येईपरेन उठत नाय. कायपन झालं तरी."

"मग आता?"

तिनं रिक्षावाल्याला आणखी जोरात चालवायला सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर हाती लागला नसता. चौथ्या दिवशी आम्ही त्याला घरी आणलं. आईनं दृष्ट काढली. मला वाटलं, सुटलो.

धीरज आता ठणठणीत आहे. पालघरच्या बाजारात मोबाईलचं दुकान चालवतो, पूर्वीसारखाच बडबडतो.

फक्त एप्रिल लागला की दुपारी सव्वाबाराला शटर ओढतो आणि दुकानामागच्या मोकळ्या जागेत उन्हात जाऊन बसतो. उकिडवा. हाक मारली तरी हलत नाही. मधूनच हात उचलतो, काहीतरी हाकलल्यासारखा. तिथे हाकलण्यासारखं काही नसतं.

म्हातारी भेटली तेव्हा आणि नंतर रिक्षातही तो शुद्धीवर नव्हता. म्हातारीचं मी त्याला कधी सांगितलं नाही. आईची शपथ.

गेल्या मंगळवारी मी त्याच्यासमोर जाऊन रडले. "ऊठ रे बाळा, ऊन लागेल. कोणासाठी बसतोस असा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"तू उठलीस ना, तायडे," तो म्हणाला. "मग कोणीतरी बसायला नको?"